इथपर्यंतची रेघ

१

सकाळचा चहा झाला की मी समुद्राच्या टाकीत तांब्याभर पाणी घालतो. साधं गोडं पाणी. खारं घालायचं नसतं. टाकीतलं पाणी हवेत उडून जातं, मीठ मात्र आतच राहतं, म्हणून उडालं तेवढं गोडं पाणी रोज भरायचं. हे मला नरेशने शिकवलं. समोरच्या काचेवर त्याने काळ्या पेनने आडवी रेघ ओढली आहे आणि तिच्या शेजारी लिहिलंय, 'इथपर्यंत'. माझी शाळा चौथीपर्यंत. पण हा शब्द मला अंधारातही वाचता येईल.

नरेश माझा मुलगा. कुंभिवलीला हायवेच्या कडेला त्याचं माशांच्या टाक्यांचं दुकान आहे. कळंबच्या रिसॉर्टांत, कर्जतकडच्या फार्महाउसांत टाक्या बसवणं, त्या धुणं, मासे पुरवणं हे त्याचं काम. आता ते माझी सून मेघा बघते. दुकानामागे आमच्या दोन खोल्या. समुद्राची टाकी माझ्या खोलीत, भिंतीला टेकून. चार फूट लांब. मागच्या काचेला नरेशने बाहेरून निळा ऑइलपेंट दिला होता. ब्रशचे फराटे अजून दिसतात. त्यामागे भिंत, भिंतीपलीकडे मोरी.

गेल्या माघात नरेश परवाना घेऊन समुद्रावर गेला. टाक्यांसाठी खडकांतले जीव आणायला. तो परत आला नाही. त्याची पांढरी बादली आली. झाकण घट्ट लावलेलं होतं, ती तरंगत किनाऱ्याला लागली. आत त्या दिवशीचं पाणी होतं आणि शंखात राहणारा एक खेकडा. मेघाने ते पाणी या टाकीत ओतलं. खेकडा अजून आहे.

यंदाच्या माघातल्या दशमीला मी तांब्या घेऊन टाकीपाशी गेलो आणि थांबलो. साडेसात वाजले होते. पाणी रेघेच्या वर होतं. दोन बोटं वर.

मी पाणी घातलंच नव्हतं. तांब्या भरलेला माझ्या हातातच होता.

२

"बाबा, तुमी दोनदा ओतलं असंल," मेघा म्हणाली.

"नाय गं. एकदा पण नाय."

"काल चहा दोनदा घेतलात. वर मलाच म्हणालात, आज चहा दिलाच नाय."

ती हसली, म्हणून मीही हसलो. हल्ली तिचं हसणं क्वचित दिसतं, त्यामुळे वाद घालावासा वाटत नाही.

तिच्या हातात कागद होता. परवाना आदल्या दिवशीच आला होता, या खेपेला तिच्या नावावर. कळंबच्या एका रिसॉर्टला खडकांतल्या जीवांची टाकी हवी होती. गेल्या वर्षी नरेश त्याच कामाला गेला होता. ते काम अपुरं राहिलं होतं. मेघाने मला यादी वाचून दाखवली. शंखातले खेकडे बारा. बोटभर लांबीचे खडकमासे आठ. गोगलगायी वीस. सगळं हाताने धरायचं, औषध टाकायचं नाही, दगड उलटला की पुन्हा होता तसा ठेवायचा. पोवळं, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना हात लावायचा नाही. ती प्रत्येक ओळीखाली बोट सरकवत वाचत होती. नरेशही असाच वाचायचा.

"त्याच जागेला?" मी विचारलं.

"कागदावर तीच जागा हाय, बाबा."

"दुसऱ्या कुणाला पाठव."

"कुणाला?" तिने कागदाची घडी घातली. मग हळू म्हणाली, "मला बघायचंय ते. एकदा बघू दे मला."

कागदाच्या शेवटी मदतनिसांच्या नावांसाठी दोन ओळी होत्या. एकीवर किशोरचं नाव होतं. किशोर टेंपोवाला, नरेशचा लहानपणापासूनचा मित्र. दुसरी ओळ कोरी होती.

"माझं लिव," मी म्हणालो.

"तुमचे गुडघे बघा आधी. मोरीची पायरी उतरवत नाय तुमाला."

ते खरं होतं.  मेघाने पाण्यात पाय ठेवू नये एवढंच मला हवं होतं आणि तिला अडवायचं कसं ते मला कळत नव्हतं.

३

दुपारी टाकीतलं पाणी रेघेच्या चार बोटं खाली गेलं होतं.

मी आधी यंत्राला दोष दिला. टाकीखाली छोटा हौद आहे. पंप तिथलं पाणी वर चढवतो आणि ते जाळीतून खाली येतं. लाइट गेली की थोडं पाणी हौदात उतरतं. पण लाइट गेली नव्हती. हौदातलं पाणी होतं तेवढंच होतं. मग वरचं पाणी गेलं कुठे? जमीन कोरडी होती. मी हात फिरवून पाहिली.

एकादशीला मी खडू घेऊन टाकीसमोर स्टुलावर बसलो. सव्वाआठला पाणी सगळ्यात वर. खूण केली. दुपारी दोनच्या सुमाराला सगळ्यात खाली. खूण केली. द्वादशीला नऊ वाजता वर. रोज पाऊण तास पुढे. पंप तासभर बंद ठेवून पाहिला. पाणी तरीही चढलं, अगदी शांत, भाकरी फुगावी तसं.

मी जन्मभर गवंडीकाम केलं. आमच्याकडे लेवलची नळी असते. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर उभं राहतं, म्हणून भिंती सरळ येतात. माणूस खोटं बोलेल, दोरा खोटं बोलेल, पण पाणी तिरकं राहत नाही. त्याच भरवशावर मी अर्ध्या कुंभिवलीच्या भिंती उभ्या केल्या.

द्वादशीच्या सकाळी मी टाकीच्या बाजूने पाहिलं. समोरच्या काचेला पाणी रेघेवर होतं. मागच्या निळ्या काचेला ते चार बोटं वर होतं.

मी माळ्यावरून लेवलची नळी काढली, पाणी भरून टाकीच्या दोन्ही अंगांना धरली. टाकी सरळ होती. फक्त आतलं पाणी मागून उंच होतं, पाठीमागून कुणी ढकलत आणल्यासारखं.

"मेघा! ए मेघा, ये गं इकडं!"

ती ओल्या हातांनी आली, तोवर पाणी सपाट झालं होतं. मागची काच तेवढी ओली होती, रेघेच्या वर चार बोटं.

"पंपाचे शिंतोडे असतील, बाबा," ती म्हणाली. पण त्या ओल्या पट्ट्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

४

त्याच दिवशी किशोर आला. या वर्षभरात तो माझ्या डोळ्यांत बघून बोललेला नाही. येतो, पाया पडतो आणि लगेच कामाला लागतो.

त्या किनाऱ्यावरच्या एका कोळणीचा, जिजामावशीचा, नंबर त्याने मिळवला होता. ती खडपावर कालवं काढते. खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडकांचा पसारा. मेघाने फोन स्पीकरवर टाकला.

"द्वितीयेला या, बाय," पलीकडून खणखणीत आवाज आला. "सकाळी साडेसातला पाणी पार सुकंल. साडेसहाला उतरायचं, आठला माघारी. आठ म्हंजे आठ. तुमी शहरातली मान्सं घड्याळ बघता नि बसून ऱ्हाता."

"आम्ही गावातलीच हाव मावशी," मेघा म्हणाली. "पाणी कधी चढंल ते कसं कळतं?"

"तिथीला पाऊणपट करायची. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, तवा भरती पुरी. आमाला काय घड्याळ नको नि काय नको."

माझ्या हातात खडूची पूड होती. मी ती धोतराला पुसली.

"मग आम्ही समुद्राकडं लक्ष ठेवू ना? लाटा वाढल्या की निघू."

"समुद्राकं बघून काय करशील?" मावशी हसली. "पाणी म्होरनं नाय येत, पाठनं येतं. खडप नि किनारा यांच्या मधी घळ हाय. पयली ती भरते. तू म्होरं बघत ऱ्हाशील नि तुज्या पाठीशी दर्या झालेला असंल. सारखं मागं बघायचं. आमची शेंबडी पोरं पन जानतात."

मेघाने फोन ठेवला. किशोर खाली बघत होता.

"काका," तो म्हणाला, "मी वरडलो व्हतो. लई वरडलो. वारा उलटा व्हता. तो सगळा वेळ समुद्राकडंच बघत व्हता."

मी उठून दुकानाबाहेर आलो. समोरून ट्रक जात होते. मी दारातल्या हातगाडीच्या लाकडाला धरून उभा राहिलो.

नरेश पाच वर्षांचा असल्यापासून माझ्यासोबत पाताळगंगेत उतरायचा. आमच्या नदीला पाणी वरच्या वीजघरातून सुटतं. सुटायच्या आधी भोंगा होतो. मी त्याला तीन गोष्टी शिकवल्या होत्या. पाणी जिकडून येतं तिकडे तोंड ठेवायचं. भोंगा होईस्तोवर भ्यायचं नाही. आणि भोंगा झाला की पळायचं नाही, गोट्यांवरून पाय सरकतो. जवळचा सगळ्यात उंच दगड गाठायचा, वर बसायचं आणि मी टायर घेऊन येईस्तोवर हलायचं नाही.

कधी कधी मी उगाच तोंडाला दोन्ही हात लावून भोंगा काढायचो. तो हसत हसत दगडावर चढायचा आणि हात हलवायचा. "ये की लवकर!" मी जायचो, त्याला खांद्यावर घ्यायचो. नदीतून निघाला की तो फार कुडकुडायचा. म्हणून त्याचा कोरडा सदरा मी बगलेत दाबून ठेवायचो, ऊब धरावी म्हणून.

त्या तिन्ही गोष्टी आमच्या नदीत खऱ्या होत्या.

५

त्रयोदशीला पावणेदहाची भरती होती. मी नऊपासून बसलो होतो. मेघा दुकानात बरण्या पुसत होती, त्यांचा आवाज येत होता. खेकडा समोरच्या काचेवर शंख आपटत होता. टक, टक. तो नेहमीच असं करतो.

मग दुसरा आवाज आला. बादलीची कडी खाली पडते तो. एकदाच, आणि फार लांबून.

मी निळ्या काचेकडे पाहिलं. ब्रशचा एक फराटा जरा गडद वाटला. करंगळीएवढा, उभा. काल तो तिथे होता की नाही, मला आठवेना. मी उजवा डोळा झाकला, त्यात मोतीबिंदू आहे. फराटा तिथेच. मग डावा झाकला. सगळंच धुरकट झालं. पुन्हा डावा उघडला.

लांब उभा असलेला माणूस करंगळीएवढाच दिसतो.

पाठ माझ्याकडे होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. डाव्या हातात काहीतरी पांढरं. आणि डावा खांदा जरा खाली. नरेशचा डावा खांदा जन्मापासून असाच आहे. त्याची आई म्हणायची, याच्या एका खांद्यावर पोर झोपलंय वाटतं.

"नरेश," मी म्हणालो. मोठ्याने नाही. खोलीत माणूस असल्यावर म्हणतो तसं.

तो पलीकडे बघत होता. त्याच्या आणि माझ्या मधला निळा रंग हलत होता. मागच्या काचेला पाणी वर सरकत होतं.

"मागं बघ रं. बाळा, मागं बघ."

काचेला कपाळ टेकलं तेव्हा ती गार लागली. पाणी रेघेवर आलं, दोन बोटं वर गेलं आणि तो फराटा राहिला नाही. मी टाकीमागे हात घालून काचेवर नखाने खरवडलं. नखात निळा रंग आला. बाहेरूनच दिलेला होता. त्यामागे भिंतच होती.

चतुर्दशीलाही तो आला. मी मोठ्याने हाक मारली. घसा बसेपर्यंत मारली. तो पाणी येतं त्या बाजूला तोंड करून उभा होता, मी शिकवलं तसा.

मेघाला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने डॉक्टर बोलावला असता, नाहीतर स्वतः येऊन काचेसमोर बसली असती. या दुसऱ्या गोष्टीचीच भीती जास्त होती.

६

पौर्णिमेला मी ठरवून बसलो. हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग पोचतं काय, याचा मी रात्रभर पडल्या पडल्या विचार केला होता. म्हातारपणी उशिरा सुचतं, पण सुचतं.

अकरा वाजले. टेंपोत ठेवायच्या बरण्या, हवेचे छोटे पंप, हातजाळ्या मेघाने दाराशी रांगेत मांडल्या होत्या. ती पुढे किशोरशी फोनवर बोलत होती. खोलीत मी आणि खेकडा. पाणी मागून चढायला लागलं.

तो उभा होता. आज जरा जवळ. बोटाएवढा. पँटचा रंगही कळत होता, तीच मातकट पँट. त्याच्या पाठीशी अजून पाण्याची पातळ पट्टीच होती. एवढ्यात निघाला असता तर घोट्यापर्यंत भिजला असता, बस्स.

मी काचेला तोंड लावलं, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि भोंगा काढला.

भोंऽऽऽ.

छाती दुखेपर्यंत काढला. काच थरथरली. पाण्यावर बारीक सुरकुत्या आल्या.

तो दचकला. त्याने मान उचलली. मला हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं. ऐकलं. पोराने ऐकलं. आता वळ, आता पळ.

तो पळाला नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं, घाई न करता, नीट. मग डावीकडच्या सगळ्यात उंच दगडाकडे गेला. आधी बादली वर ठेवली. झाकण दाबून बसवलं. मग स्वतः चढला, गुडघे पोटाशी घेतले आणि बसला.

आणि त्याने हात वर करून हलवला. पाठ माझ्याकडेच होती. तोंड मला दिसलं नाही. ते बरं झालं असेल, किंवा नसेल.

"नाय रं! उतर! तिथनं उतर, पळ!" मी काचेवर हात आपटत होतो. पाणी मागून आलं, दगडाच्या बुंध्याशी आलं, मग वर. तो हलला नाही. शहाण्या पोरासारखा बसून राहिला. नंतर फक्त निळा रंग होता आणि ब्रशचे फराटे.

मेघा धावत आली. "बाबा! काय झालं? वरडलात कशाला?" मग दाराबाहेर पाहून ती म्हणाली, "आणि नदीचा भोंगा आज यावेळी कसा झाला?"

मी तिच्याकडे वळलो. "तुला ऐकू आला?"

"एवढा मोठा झाला, ऐकू नाय येणार?" तिने मला धरून स्टुलावर बसवलं, पदराने माझं तोंड पुसलं. मग टाकीत पाहिलं. "हा बघा, हा कुठं जाऊन बसलाय. मरंल असा."

खेकडा टाकीतल्या सगळ्यात उंच दगडाच्या टोकावर होता, पाण्याच्या बाहेर. तिने त्याला हळूच उचलून आत सोडलं.

७

संध्याकाळी किशोर पिंपं चढवायला आला. मेघा आत गेल्यावर मी त्याला टेंपोच्या मागे गाठलं.

"किशोर, एकच विचारतो. शेवटी तुला दिसला तवा तो उभा व्हता का बसलेला?"

त्याच्या हातातली दोरी सुटली. वर्षभराने त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"बसला व्हता, काका. सगळ्यात उंच खडकावर." त्याने खाली वाकून दोरी उचलली. "मी तुमाला सांगणार नव्हतो. पाणी गुडघाभर व्हतं तवा. पळाला असता तर आला असता. पलीकडं कुठलीशी बोट गेली, लांब भोंगा दिला तिनं, आणि हा सरळ जाऊन वर बसला. मला काय कळंना. मी वरडत व्हतो, आणि तो हात हलवत व्हता. जसा काय कुणी न्यायला येणार हाय त्याला."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो लहान मुलासारखा रडत होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं.

"तुमाला कुणी सांगितलं हे?" त्याने विचारलं.

"कुणी नाय," मी म्हणालो.

आज प्रतिपदा. उद्या पहाटे निघायचं. सकाळी मी मेघासमोर परवाना ठेवला आणि कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. ती काहीतरी बोलणार होती. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने पेन उघडलं. दामू, असं लिहिलं आणि पुढे आमचं आडनाव. तिला मी सांगितलंय की तिने किनाऱ्यावर टेंपोपाशीच थांबायचं, जीव धरायचे ते किशोर धरेल, आणि त्याने सारखं मागं बघायचं. तिने हो म्हटलंय.

माझं काम मी सांगितलेलं नाही. ते फार नाही. मी त्याला म्हटलं होतं, मी येईस्तोवर हलू नको. एक वर्ष झालं. पोराने शब्द पाळलाय.

हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून मी एक जुना टायर घेतला, म्हणजे मोठ्या ट्रकच्या चाकातली ट्यूब. तो म्हणाला, आजोबा, या वयात पोहणार काय? मी म्हटलं, नाय रं, पोराला बसवायला.

पिशवीत पंचा घेतलाय. आणि त्याचा कोरडा सदरा, आकाशी रंगाचा. सकाळपासून बगलेत धरलाय मी तो. नदीतून निघाला की त्याला फार थंडी वाजते.